मुलाला मैदानापर्यंत कोण नेतं?

१६ नोव्हेंबर २०१३. वानखेडेवर शेवटची कसोटी संपली आणि सचिन तेंडुलकर माइक घेऊन उभा राहिला. हातात एक कागद होता. एखादं नाव राहून जाऊ नये म्हणून आज पहिल्यांदाच यादी करून आणलीय, असं त्याने सांगितलं.

यादीत सगळ्यात आधी वडील होते, १९९९ साली गेलेले. मग आई. मग काका-काकू. शाळा घरापासून लांब पडायची म्हणून सचिन चार वर्षं त्यांच्याकडे राहिला होता. दिवसभर खेळून तो पेंगायला लागायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळता यावं म्हणून काकू त्याला झोपेतच भरवायच्या. मग मोठा भाऊ नितीन, पहिली बॅट देणारी बहीण सविता, आणि दुसरा भाऊ अजित. नंतर बायको, मुलं, सासरची माणसं, मित्र. एवढी सगळी नावं झाल्यावर रमाकांत आचरेकर सरांचं नाव आलं.

आपण ते भाषण डोळे पुसत ऐकलं. पण मूल कसं घडतं याबद्दल बालमानसशास्त्राने गेल्या पाऊणशे वर्षांत जे शोधून काढलं, त्यातलं बरंच काही त्या कागदावर होतं. कुणी मोठं झालं की आपण म्हणतो, ‘गुरू चांगला भेटला’ किंवा ‘घरचे संस्कार’. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही अपुरं आहे. यादीतल्या प्रत्येकाचं काम वेगळं होतं, आणि त्यातलं एक काम तर असं आहे की त्याच्याकडे आपलं सहसा लक्षच जात नाही.

घर काय देतं

सुरुवात तान्ह्या बाळापासून करू. १९५१ साली जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने जागतिक आरोग्य संघटनेसाठी एक अहवाल लिहिला. विषय होता दुसऱ्या महायुद्धानंतर घराला मुकलेली मुलं. त्यांना दूध, कपडे, औषधं मिळाली तरी तेवढ्यावर ती वाढत नाहीत, कुणीतरी एक माणूस कायम त्यांचं असावं लागतं, असं त्याने मांडलं. बाळ आईला बिलगतं ते मुळात दुधासाठी, असं त्या काळात बरेच तज्ज्ञ मानत होते.

बोल्बीची सहकारी मेरी एन्सवर्थ हिने हा विचार तपासून पाहिला. आधी युगांडातल्या खेड्यांत आणि मग अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये तिने घरोघरी जाऊन आया आणि बाळं तासन्‌तास पाहिली. त्यातून एक छोटा प्रयोग बसवला. वर्ष-दीड वर्षाचं मूल, अनोळखी खोली, थोडी खेळणी. आई काही मिनिटं बाहेर जाते आणि परत येते. आई गेल्यावर मूल रडलं का, यापेक्षा ती परत आल्यावर ते काय करतं, इकडे एन्सवर्थचं लक्ष होतं. बरीच मुलं आईला बिलगली, शांत झाली आणि पुन्हा खेळण्यांकडे वळली. काही मुलांची समजूत निघता निघेना. काहींनी आईकडे सरळ पाठ फिरवली.

माझ्या मते यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे ते पुन्हा खेळण्यांकडे वळणं. परत यायची जागा पक्की आहे हे ज्या मुलाला ठाऊक असतं, ते अधिक बेधडक लांब जातं. फार जवळ घेतलं की मूल लाडावतं, पदराला धरून राहतं, असं आपल्याकडे अजून अनेक आजी-आजोबा सांगतात. निरीक्षणं याच्या उलट आहेत.

हे वाचताना मुंबईतल्या नोकरदार आईला टोचणी लागणार, हे मला ठाऊक आहे. सकाळची लोकल, संध्याकाळची गर्दी, घरी पोचेपर्यंत बाळ झोपायला टेकलेलं. तिने पुढच्या दोन गोष्टी जरूर वाचाव्यात. १९६४ साली रुडॉल्फ शॅफर आणि पेगी एमर्सन यांनी ग्लासगोतल्या ६० बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दीड वर्षाची होईपर्यंत त्यातल्या बहुतेक बाळांचं एकाहून जास्त माणसांशी घट्ट नातं जडलेलं होतं: आई, बाबा, आजी, भावंडं, शेजारी. आणि ते नातं कोण किती तास जवळ आहे यावर ठरत नव्हतं. बाळाच्या हाकेला कोण मनापासून ओ देतं, यावर ठरत होतं. दुसरी गोष्ट एडवर्ड ट्रॉनिक यांच्या संशोधनातली. आई-बाळाच्या रोजच्या खेळातले क्षण त्यांनी बारकाईने तपासले. अगदी प्रेमळ घरातसुद्धा दोघांचा सूर बराच वेळ जुळलेला नसतो. तो सुटतो आणि पुन्हा जुळतो. या पुन्हा जुळण्यातूनच बाळाला कळतं की बिघडलेलं दुरुस्त होतं. कधीही न चुकणारी आई बाळाला लागत नाही.

सचिनची आई एलआयसीत नोकरी करायची आणि वडील कीर्ती कॉलेजात मराठी शिकवायचे. घरात मोठी तीन भावंडं होती, शिवाजी पार्कजवळ काका-काकू होते. दमलेल्या मुलाला झोपेत भरवणारी काकू बॅट कशी धरावी हे शिकवत नव्हती. पण उद्या पुन्हा मैदानावर उतरता येईल एवढं बळ त्या घासांत होतं, आणि तिचं नाव यादीत गुरूच्या आधी आलं ते योग्यच झालं.

गुरू काय देतो

गुरूचं काम समजून घ्यायला लेव्ह व्यगोत्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाचा एक विचार पुरेसा आहे. क्षयाने तो १९३४ साली, चाळिशीच्या आतच गेला. पण आज बी.एड.च्या वर्गांत त्याचं नाव हमखास निघतं. तो म्हणतो, मुलाला काय एकट्याने जमतं हे एक माप झालं. जाणत्या माणसाच्या मदतीने काय जमतं, हे दुसरं माप. या दोन मापांमध्ये जी जागा आहे तिथेच शिकणं घडतं. त्याच्या अलीकडे सगळं सोपं असतं आणि मूल कंटाळतं. पलीकडे गेलं की घाबरतं. शिकवणाऱ्याचं कसब ती जागा ओळखण्यात आणि मूल पुढे सरकलं की आपणही सरकण्यात आहे. १९७६ साली डेव्हिड वूड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी अशा मदतीला बांधकामाच्या परांचीची उपमा दिली. मुंबईत ती वेगळी समजावायला नको. इमारत उभी राहीपर्यंत बांबू बांधलेले असतात, मजला वर चढला की तेही वर चढतात, आणि काम झालं की काढून घेतले जातात. काढायचे विसरले, तर तीही चूकच. दहावीतल्या मुलाशेजारी रोज बसून त्याचा अभ्यास करून घेणाऱ्या पालकांनी हे मनावर घ्यावं.

आचरेकर सरांच्या एक रुपयाच्या नाण्याची गोष्ट आपण अनेकदा ऐकली आहे. सरावाच्या शेवटी ते यष्टीवर नाणं ठेवायचे. जो गोलंदाज सचिनला बाद करेल, नाणं त्याचं. कुणालाच जमलं नाही, तर सचिनचं. अशी तेरा नाणी त्याने जपून ठेवली. आता व्यगोत्स्कीच्या नजरेने पाहा. मुलगा दमलेला आहे, एकट्यावर सोडलं तर तो पॅड सोडून घरी जाईल. पण एवढ्याशा आमिषाने तो अजून थोडा वेळ, आणि ताज्या वेळेपेक्षा जास्त एकाग्रतेने खेळतो. हा ताण नेमका त्याला पेलेल एवढाच आहे. तसंच त्यांचं स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेणं. एका सामन्यात लवकर बाद झालास तर रडत बसायला वेळ नाही, दुसरीकडे फलंदाजी आहे.

त्याच भाषणात सचिन म्हणाला की २९ वर्षांत सर त्याला एकदाही ‘चांगला खेळलास’ म्हणाले नाहीत, कारण पोरगा गाफील राहील अशी त्यांना धास्ती होती. या वाक्याचा आपल्याकडे फार चुकीचा वापर होतो. मुलांना कधीच शाबासकी न देणारे बाबा हेच उदाहरण तोंडावर फेकतात. शाबासकीबद्दल संशोधन काय सांगतं? १९९८ साली क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीतल्या मुलांवर प्रयोग केले. कोडी सुटल्यावर काहींना ‘किती हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘छान मेहनत घेतलीस’. हुशार म्हटलेली मुलं पुढे सोपी कोडी निवडू लागली आणि अवघड कोड्यांत हरल्यावर लवकर खचली. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं अवघड कोड्यांना भिडली. म्हणजे सरांची धास्ती निराधार नव्हती. पण तो न बोलणारा गुरू त्याच मुलाला मागे बसवून उन्हातान्हात मैदानं पालथी घालत होता, हे विसरून चालणार नाही. मुलाला त्यात सगळं ऐकू येत होतं. आणि प्रेमाचा शब्द द्यायला घर भरलेलं होतं. नुसती कडक शिस्त उचलायची आणि स्कूटर, काका-काकू, भावंडं वगळायची, याला शिस्त म्हणत नाहीत.

मधला माणूस

आता त्या दुर्लक्षित कामाकडे येते. यादीतला अजित आई-वडिलांच्या जागी नव्हता आणि प्रशिक्षकही नव्हता. १९८४ साली, सचिन अकरा वर्षांचा असताना, त्याला शिवाजी पार्कवर आचरेकर सरांकडे नेलं ते अजितने. पहिल्या दिवशी मुलगा बुजला. सर बघतायत म्हटल्यावर त्याला नीट खेळताच येईना आणि सरांना काही विशेष दिसलं नाही. तेव्हा अजितने सरांना विनंती केली: तुम्ही गेल्यासारखं करा आणि लांबून बघा. सर बाजूला झाले आणि पोरगा मोकळा होऊन खेळला.

यात खेळ ओळखणारा डोळा सरांचा होता. पण कुणी बघत नसताना आपला भाऊ कसा खेळतो, हे फक्त अजितला ठाऊक होतं. घराला जे माहीत आहे ते त्याने गुरूपर्यंत पोचवलं. आणि पुढे सरांनी शाळा बदलून शारदाश्रमात घाला म्हटल्यावर तो निरोप घरापर्यंत आला, घरात चर्चा झाली, बांद्र्याहून दादरपर्यंतची रोजची दगदग टाळायला काका-काकूंचं घर पुढे आलं.

यूरी ब्रॉन्फेनब्रेनर या रशियात जन्मलेल्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७९ साली नेमकं हेच सिद्धान्त म्हणून मांडलं. मुलाभोवती अनेक छोटी जगं असतात: घर, शाळा, मैदान, शेजार. तोवरचे अभ्यास बहुधा एकेक जग सुटं पाहायचे. ब्रॉन्फेनब्रेनर म्हणाला, या जगांचे एकमेकांशी दुवे किती आणि कसे आहेत, यावरही मुलाची वाढ ठरते. या दुव्यांच्या जाळ्याला त्याने मेसोसिस्टीम म्हटलं. शाळा चांगली आणि घर चांगलं, पण दोघांची एकमेकांशी ओळखच नाही, अशा मुलाला दोन्हीकडचं ओझं एकट्याने वाहावं लागतं.

याचं माझ्या दृष्टीने सर्वांत उजळ उदाहरण क्रिकेटच्या फार आधीचं आहे, आणि तेही याच शहरातलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परळच्या एका चाळीत सुभेदार रामजी सकपाळ कुटुंबासह एका खोलीत राहत होते. धाकट्या भीमरावाची आई तो लहान असतानाच गेली होती. त्याला आत्या मीराबाईंनी वाढवलं. खोलीत अभ्यासाला जागा नाही, म्हणून वडील मुलाला लवकर झोपवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, मग त्याला अभ्यासाला उठवून त्याच्या जागेवर झोपायचे. मुलाला पुस्तक हवं झालं की सासरी गेलेल्या लेकींकडे जाऊन पैसे मागायचे, प्रसंगी त्यांचा दागिना गहाण ठेवायचे.

पण हाच बाप कौतुकाच्या बाबतीत करडा होता. भीमराव इंग्रजी चौथी पास झाला तेव्हा वस्तीतल्या लोकांनी सत्कार करायचं ठरवलं. रामजींनी साफ नकार दिला: पोराच्या डोक्यात हवा जाईल. लोक मग कृष्णराव अर्जुन केळुसकरांकडे गेले. केळुसकर शिक्षक, लेखक आणि रामजींचे स्नेही. त्यांनी रामजींशी वाद घातला, त्यांना तयार केलं, आणि सभा झाली. त्या सभेत त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिलं. ते वाचून आपण हेलावून गेलो, असं बाबासाहेबांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं. १९५६ साली दीक्षाभूमीवर जे घडलं, त्याच्या कितीतरी आधीचं हे बीज.

पुढे कॉलेजचा खर्च रामजींना झेपेना, तेव्हा केळुसकरच या मुलाला सयाजीराव गायकवाड महाराजांकडे घेऊन गेले. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. वडिलांची जागा केळुसकरांनी घेतली नाही, आणि वडिलांनी त्यांना परका मानून बाजूला ठेवलं नाही. दोघांत वाद होऊ शकत होता, एवढी ती ओळख खरी होती.

ज्यांच्या घरातच कुणी नाही

मग ज्या मुलाचं घरच मोडकळीला आलंय, त्याचं काय? हवाई बेटांतल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या सगळ्या, म्हणजे ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. साधारण एक तृतीयांश मुलांची सुरुवातच कठीण होती: गरिबी, घरातली भांडणं, आई-वडिलांचं व्यसन किंवा मानसिक आजार. त्यातलीही साधारण एक तृतीयांश मुलं मायाळू, कर्ती आणि आत्मविश्वासू माणसं झाली. त्यांच्यात पुन्हा पुन्हा एक गोष्ट दिसली. लहानपणी निदान एक मोठं माणूस त्यांच्या बाजूने ठाम उभं होतं. बऱ्याचदा आजी किंवा आजोबा, मोठं भावंड, शिक्षक, शेजारीण. हे माणूस विद्वान किंवा पैसेवालं असावं लागत नव्हतं, टिकून राहणारं असावं लागत होतं. उरलेली दोन तृतीयांश मुलं मात्र अडखळली, हेही त्याच अभ्यासात आहे. म्हणून ‘जिद्द असली की सगळं होतं’ असं गरिबाच्या मुलाला ऐकवणं मला क्रूर वाटतं.

अशी माणसं मुंबईच्या चाळींत आयती मिळायची. १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळी घ्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, १६० चौरस फुटांच्या खोल्या, एका मजल्यावर सामायिक व्हरांडा. खोलीत माणूस मावत नव्हता, हे मी गोड करून सांगणार नाही. पण आई कामावर असताना मूल दहा दारांत खेळायचं, आणि त्या दहा दारांतल्या माणसांना त्याचं नाव, खोडी आणि आवड ठाऊक असायची. माझ्या बाबतीत हे शेजारच्या मावशींनी केलं. त्या मला दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात घेऊन गेल्या, ग्रंथपालांना ‘हिला वाचायला आवडतं’ एवढंच म्हणाल्या, आणि पुढे ते माझ्यासाठी पुस्तकं बाजूला काढून ठेवायला लागले.

आता जागोजागी टॉवर उभे राहतायत. संडास घरात आला, पाणी चोवीस तास आलं, आणि याचा आनंदच आहे. पण बंद दाराआड मुलाला भेटणाऱ्या मोठ्या माणसांची संख्या घटली, आणि जी उरली ती बहुतेक फी घेणारी. क्लासचे सर, कोडिंगच्या मॅडम, पोहण्याचे कोच. त्यांना मुलगा दिसतो, पण घरातला मुलगा दिसत नाही. शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप भरून वाहत असतो, पण त्यात उद्याचा डबा आणि परवाची सुट्टी यापलीकडे काही नसतं. ब्रॉन्फेनब्रेनरच्या अर्थाने तो दुवा नाही.

दुवा व्हायला फार लागत नाही. वर्गशिक्षकांना वर्षातून एकदा, गुणांचा विषय न काढता, ‘ती घरी तासन्‌तास चित्रं काढते, शाळेत काढते का?’ असं विचारता येतं. कोचला सांगता येतं की हा मुलगा चारचौघांसमोर ओरडलं की गोठतो. आजोबा शाळेत सोडायला जात असतील तर त्यांनाच पालकसभेला पाठवता येतं. बरेचदा मुलाबद्दल सगळ्यात जास्त त्यांनाच माहीत असतं. आणि ज्याला स्वतःचं मूल नाही अशा काकाने किंवा मामीने भाच्या-पुतण्यांना एखाद्या ठिकाणी, म्हणजे व्यायामशाळेत, तबल्याच्या वर्गात, नाटकाच्या तालमीला नुसतं बोट धरून नेलं, तरी ते छोटं काम नाही.

या दुव्यांचं आणखी एक कारण आहे, आणि ते बोलायला अवघड आहे. मुलावर ज्याची सत्ता चालते अशा माणसाकडून, मग तो गुरू असो की नातेवाईक, इजाही होऊ शकते. जो शिक्षक पालकांना सराव पाहू देत नाही, मुलाला ‘हे घरी सांगू नकोस’ म्हणतो, किंवा इतर मोठ्या माणसांपासून त्याला तोडतो, तिथे तातडीने थांबावं. त्याचं नाव कितीही मोठं असो. १८ वर्षांखालच्या मुलांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, आणि असं काही माहीत असूनही न कळवणं हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे. मूल असं काही आई-वडिलांना थेट सांगेलच असं नसतं. ते बहुधा तिसऱ्याच माणसाला सांगतं: आत्याला, शेजारच्या ताईला, चित्रकलेच्या बाईंना. त्या तिसऱ्या माणसाने आधी ऐकून घ्यावं, मुलावर विश्वास ठेवावा, उलटतपासणी करू नये आणि मग १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. हा क्रमांक चोवीस तास चालतो, फोनला पैसे पडत नाहीत, आणि मुलालाही तो स्वतः लावता येतो. मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावर, घरच्या पत्त्याखाली, तो लिहून द्यावा.